औषध एकच, हिरड्या निराळ्या

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपल्या घराघरांत वापरली जाते. एकाच पंगतीत जेवलेल्या दहा जणांपैकी एकाच्याच अंगावर पित्त उठते. एकाच गोळीने थोरल्या भावाचा ताप उतरतो आणि धाकट्याच्या पोटात आग पडते. अशा वेळी आपण ही म्हण उच्चारतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु या प्रकृतिभेदाचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देईना. अमेरिकेतील आर्नो मोटुल्स्की यांनी १९५७ साली असे दाखवून दिले की, औषधाला शरीर जे उत्तर देते त्यातील पुष्कळसा फरक आईवडिलांकडून आलेल्या वारशात असतो. पुढे १९५९ साली जर्मनीतील फ्रीडरिख फोगेल यांनी या नव्या विद्येला नावही दिले. आपण तिला औषध-आनुवंशिकी म्हणू.

या विद्येतील एक लहानसा, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याला फार मोठा वाटणारा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णांपैकी काहींच्या हिरड्या औषधामुळे वाढू लागतात. त्या सर्वांच्याच का वाढत नाहीत? आणि ज्यांच्या वाढतात त्यांतील एकाला जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्याला का पडत नाही?

प्रथम प्रत्यारोपणाचीच थोडी हकीकत सांगतो. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण अमेरिकेतील बोस्टन शहरी २३ डिसेंबर १९५४ रोजी झाले. शस्त्रवैद्य होते जोसेफ मरे. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. रोनाल्ड हेरिक या तरुणाने आपले एक मूत्रपिंड रिचर्ड या भावाला दिले. हे दोघे भाऊ एकाच बीजापासून झालेले जुळे होते. आनुवंशिक दृष्ट्या दोघांची शरीरे एकच असल्यामुळे रिचर्डच्या शरीराला हे मूत्रपिंड परके वाटलेच नाही. तो त्यानंतर आठ वर्षे जगला.

परंतु जुळा भाऊ सर्वांना कोठून असणार? परक्याची चाहूल लागताच त्याच्यावर तुटून पडणे हा आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा धर्म आहे. रोगजंतू आला तरी त्या असेच करतात आणि सख्ख्या आईचे मूत्रपिंड आले तरी असेच करतात. कारण मुलाला आईकडून निम्माच वारसा मिळालेला असतो, उरलेला निम्मा बापाचा. म्हणून नवे मूत्रपिंड टिकवायचे तर या पहारेकऱ्यांचा आवेश औषधाने कमी ठेवावा लागतो आणि तोही काही आठवडे नव्हे, तर मूत्रपिंड चालते आहे तोवर दररोज.

या कामी ज्या औषधाने क्रांती केली त्याचे नाव सायक्लोस्पोरिन. त्याचा जन्म मोठा मौजेचा आहे. नॉर्वेमधील हार्डांगरविड्डा या उजाड पठारावरील मातीचा एक नमुना स्वित्झर्लंडमधील सँडोझ या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत आला. त्या मातीतील एका बुरशीपासून हे द्रव्य मिळाले आणि प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचा त्याचा गुण १९७२ साली लक्षात आला. केंब्रिजचे शस्त्रवैद्य रॉय काल्न यांनी १९७८ साली ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले ते १९७१ साली, म्हणजे या औषधाच्या आधी. परंतु हे शास्त्र ठिकठिकाणच्या रुग्णालयांत रुजले ते सायक्लोस्पोरिनच्या आणि त्याच्यामागून आलेल्या औषधांच्या आधारानेच.

औषध जितके गुणकारी तितका त्याचा उपसर्गही लक्षात ठेवावा लागतो. सायक्लोस्पोरिनने मूत्रपिंडावर ताण पडू शकतो, रक्तदाब चढतो, अंगावर केस वाढतात. आणि ते घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत हिरड्या वाढतात. मुलांत आणि पौगंडावस्थेतील रुग्णांत हे प्रमाण याहून बरेच अधिक आढळते. वाढीचा आरंभ बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतो. पुढच्या दोन दातांमधील हिरडीचा जो त्रिकोणी कोपरा असतो तो प्रथम फुगतो. मग शेजारचे कोपरे एकमेकांस भिडतात आणि हिरडीचा पडदा दातांवर उतरू लागतो. काही रुग्णांत तो दाताचा निम्मा भाग झाकून टाकतो. घास चावताना हिरडीच दाताखाली येते, ब्रश लावताच रक्त येते, तोंडाला वास येतो, दात आपल्या जागेवरून सरकतात आणि बोलणेही अडखळते.

श्रोतेहो, कोणी म्हणेल की ज्याला मूत्रपिंड मिळून जीवदान लाभले त्याने हिरड्यांची तक्रार कशाला करावी? तसे म्हणणे बरे नव्हे. शाळेत जाणारी एखादी मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागते, नोकरीच्या मुलाखतीस गेलेला तरुण तोंड उघडण्यास कचरतो. हळूहळू मनात येते की, हा सारा त्रास त्या गोळीचा; तेव्हा एखाद्या दिवशी ती घेतली नाही तर काय बिघडेल? मग एका दिवसाचे चार दिवस होतात. येथेच खरा धोका आहे. गोळी चुकली की आवरून धरलेल्या पेशी मोकळ्या होतात आणि बसवलेले मूत्रपिंड नाकारले जाऊ शकते. हिरडी पुन्हा पूर्ववत होईल, पण गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. पुन्हा आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जखडून बसणे नशिबी येते. आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून मिळतात आणि देणाऱ्यांत आया, पत्नी, बहिणी यांची संख्या अधिक आहे. आईने पोटातून काढून दिलेले मूत्रपिंड हिरड्यांच्या संकोचापायी गमावण्याची वेळ कोणावरही येऊ नये, म्हणून हा विषय किरकोळ समजता येत नाही.

आता ही वाढ होते तरी कशी? हिरडीला जो घट्टपणा असतो तो कोलॅजेन नावाच्या तंतूंचा. हिरडीतील तंतुपेशी हे तंतू सतत विणत असतात आणि जुने झालेले तंतू गिळून, आतल्या आत पचवून नाहीसे करीत असतात. विणणे आणि मोडणे यांचा हिशेब जमला म्हणजे हिरडी आपल्या आकारात राहते. सायक्लोस्पोरिनमुळे या पेशींचे गिळण्याचे आणि पचवण्याचे काम मंदावते. नवे तंतू येत राहतात, जुने जात नाहीत, आणि अंगणातला कचरा उचलणारा आठ दिवस न आल्यावर जे होते तेच हिरडीत होते. त्यातच दातांच्या मुळाशी किटण साचलेले असेल तर तेथील जंतूंमुळे हिरडी सुजते आणि ही सूज वाढीला खतपाणी घालते. जेथे दात पडून गेले आहेत तेथे वाढ क्वचितच दिसते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

हा दोष एकट्या सायक्लोस्पोरिनचा नाही. फेफऱ्यावर देण्यात येणारे फेनिटॉइन १९३८ साली वापरात आले आणि पुढच्याच वर्षी, १९३९ साली, त्यामुळे हिरड्या वाढतात असे नमूद झाले. ते घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांत ही वाढ थोडीफार आढळते. रक्तदाबावरील निफेडिपिन हे तिसरे औषध आणि त्याच्याच कुळातील अॅम्लोडिपिननेही कधीकधी असे होते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची अडचण अशी की, सायक्लोस्पोरिनने रक्तदाब चढतो आणि तो उतरवण्यास निफेडिपिनसारखे औषध दिले जाते. मग दोन्ही औषधे मिळून हिरडीवर चाल करतात.

परंतु मूळ प्रश्न अजून तसाच आहे. चार रुग्णांना सारखेच औषध दिले, रक्तातील त्याचे प्रमाणही वारंवार तपासून सारखे राखले आणि चौघेही नित्य दात घासतात असे मानले, तरी हिरड्या एकाच्याच का वाढाव्यात? येथे वारशाकडे वळणे भाग पडते.

वारसा एकटादेखील हिरडी वाढवू शकतो, याचा पुरावा प्रथम पाहू. काही घराण्यांत कोणतेही औषध न घेता पिढ्यान् पिढ्या हिरड्या वाढतात. ब्राझीलमधील अशा एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून, दुसऱ्या गुणसूत्रावरील एसओएस-१ या जनुकातील बिघाड त्याच्या मुळाशी आहे, असे २००२ साली दाखवण्यात आले. जपानमधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. पेशीच्या पोटात कोलॅजेन पचवणारे कॅथेप्सिन-एल नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते ज्या उंदरांत जन्मतःच नाही त्यांच्या हिरड्या जाड झालेल्या आढळल्या. म्हणजे तंतू विणणे, मोडणे आणि पचवणे या प्रत्येक कामाच्या मागे कोणते ना कोणते जनुक उभे आहे आणि त्या जनुकात माणसामाणसांत फरक असू शकतो.

प्रत्यारोपणाच्या रुग्णांत या दृष्टीने तीन ठिकाणी शोध घेण्यात आला आहे.

पहिले ठिकाण सहाव्या गुणसूत्रावरचे. 'हा आपला, हा परका' ही ओळख पटवणाऱ्या एचएलए खुणा तेथे लिहिलेल्या असतात. मूत्रपिंड देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे जुळते की नाही हे पाहण्यासाठी याच खुणा तपासतात. दोन सख्ख्या भावंडांत त्या पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. या खुणांपैकी बी-३७ ही खूण असणाऱ्यांत हिरड्या अधिक वाढतात आणि डीआर-१ असणाऱ्यांना काहीसे संरक्षण मिळते, असे काही पाहण्यांत आढळले.

दुसरे ठिकाण यकृताचे आणि आतड्याचे. पोटात गेलेले औषध मोडून टाकणारी विकरे तेथे असतात आणि कोणाची विकरे जलद, कोणाची मंद असतात. फेनिटॉइन मोडणाऱ्या विकराचे जनुक ज्यांच्यात मंद प्रकारचे असते, त्यांच्या रक्तात नेहमीच्या मात्रेनेही औषध साचते आणि इतर त्रासांबरोबर हिरड्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण तपासून मात्रा कमीअधिक करता येते, त्यामुळे हा भेद पुष्कळसा सांभाळून घेता येतो.

तिसरे ठिकाण मला सर्वांत उद्बोधक वाटते, म्हणून तेथे थोडे थांबतो. आपल्या किनाऱ्यावर होडी समुद्रात नेणाऱ्या प्रत्येक नाखव्याला एक गोष्ट ठाऊक असते. होडीत पाणी थोडेफार शिरणारच. ते उपसून बाहेर टाकणारा माणूस किती चपळ आहे, यावर होडी किती कोरडी राहील हे अवलंबून. आपल्या पेशींचेही असेच आहे. पेशीच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन बसलेले असते. नको ते द्रव्य पेशीत शिरले की ते त्याला उपसून बाहेर लोटते. १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी ते प्रथम ओळखले. हे प्रथिन १२८० अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असून तिचा आराखडा सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. त्या जनुकाचे जुने नाव एमडीआर-१ आणि आजचे नाव एबीसीबी-१. आतड्याच्या भिंतीत, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत हे उपसणारे पहारेकरी तैनात असतात.

सायक्लोस्पोरिन हे या प्रथिनाकडून उपसले जाणाऱ्या औषधांपैकीच एक. साहजिकच विचार असा पुढे आला की, ज्याच्या पेशी औषध जोमाने उपसतात त्याच्या हिरडीतील पेशींत ते कमी साठेल आणि ज्याच्या पेशी मंद असतील त्यांत अधिक साठेल. रक्तातील प्रमाण दोघांचे सारखे असले, तरी पेशीच्या आत दोघांची स्थिती निराळी असेल. या जनुकाच्या लेखनात ३४३५ क्रमांकाच्या जागी काहींच्यात 'सी' हे अक्षर असते, काहींच्यात 'टी'. प्रत्येकाला एक प्रत आईची आणि एक बापाची मिळत असल्यामुळे कोणी दोन्ही 'सी' वाला, कोणी दोन्ही 'टी' वाला, तर कोणी मिश्र असतो. हे अक्षर बदलल्याने माळेतील मणी बदलत नाही. तरीही प्रथिनाची घडी किंचित निराळी पडू शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एकच शब्द दोन माणसांनी निराळ्या गतीने उच्चारावा आणि त्याचा सूर बदलावा, तसाच हा प्रकार आहे.

मग या अक्षरावरून हिरडीचे भविष्य सांगता येते काय? येथे शास्त्राचा निकाल एकमुखी नाही. जर्मनीतील एका पाहणीत रक्तदाबावरील औषधांनी होणाऱ्या हिरडीवाढीशी या जनुकाचा संबंध दिसला, तर पोलंडमधील मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांत सायक्लोस्पोरिनच्या बाबतीत तो दिसला नाही. अशा पाहण्यांतील रुग्णांची संख्या बहुधा थोडी असते, एका वंशाचे लोक दुसऱ्यांहून निराळे असतात आणि प्रत्येकाच्या तोंडातील स्वच्छताही सारखी नसते. तेव्हा हा धागा खरा असला, तरी त्यावर सगळा भार टाकता येत नाही.

आता उपचारांकडे येऊ, कारण वारशाचा खरा कस तेथेच लागतो.

पहिला उपाय म्हणजे दंतवैद्याकडून किटण खरवडून घेणे आणि मऊ ब्रशने सकाळ-संध्याकाळ दात नीट घासणे. यास जनुकतपासणी लागत नाही. मिश्री, राखुंडी आणि तंबाखू यांना मात्र पूर्ण रजा द्यावी. केवळ एवढ्यानेच सूज आणि रक्त येणे कमी होते आणि पुढील प्रत्येक उपाय अधिक लागू पडतो. शक्य असेल तर प्रत्यारोपणापूर्वीच तोंड तपासून घेणे सर्वांत उत्तम. दुसरा उपाय म्हणजे रक्तदाबासाठी निफेडिपिन चालू असल्यास डॉक्टरांनी त्याऐवजी निराळ्या कुळातील औषध देणे.

तिसरा उपाय अझिथ्रोमायसिन. हे जंतुनाशक १९८० साली युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियात, शोधले गेले. सायक्लोस्पोरिनने वाढलेल्या हिरड्या त्याने उतरतात, असे एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९५ साली नमूद झाले आणि पुढील अनेक पाहण्यांनी त्यास दुजोरा दिला. तीन किंवा पाच दिवसांचा औषधक्रम घेतल्यावर काही आठवड्यांत हिरडी नरम पडते, रक्त येणे थांबते आणि पुष्कळांत आकारही कमी होतो. जंतू मारल्यामुळेच हे घडते असे मात्र नाही. मंदावलेल्या तंतुपेशींना कोलॅजेन गिळण्याची ताकद हे औषध पुन्हा मिळवून देते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले आहे. शिवाय ते रक्तातून लवकर जात असले, तरी पेशींच्या आत कित्येक दिवस मुक्काम करते. त्याच्याच कुळातील एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढवू शकतात. अझिथ्रोमायसिन तसे फारसे करीत नाही, म्हणून वैद्यांची पसंती त्याला.

तरीही सर्वांना त्याचा सारखा गुण येत नाही. जुनी, राठ झालेली वाढ कमी उतरते, हे एक कारण. दुसरे कारण वारशात असण्याचा संभव आहे. मघाचा तो पाणी उपसणारा आठवा. अझिथ्रोमायसिन हेदेखील त्याच पी-ग्लायकोप्रोटीनकडून उपसले जाणाऱ्या औषधांपैकी आहे! म्हणजे ज्या जनुकाचा रोगाशी संबंध असावा असा संशय, त्याच जनुकाचा उपचाराशीही संबंध असू शकतो. ज्याच्या पेशी जोमाने उपसतात त्याच्या हिरडीत उपायाचे औषधही कमी काळ राहील, आणि ज्याच्या मंद असतील त्याच्यात ते अधिक टिकेल, असा हा तर्क आहे. यामुळेच प्रत्यारोपणाच्या रुग्णांत या जनुकाची अक्षरे वाचून, अझिथ्रोमायसिनचा गुण कोणाला अधिक आणि कोणाला उणा, हे पाहण्याकडे संशोधक वळले. हे काम अभ्यासाच्या अवस्थेत आहे. दंतवैद्याने रोजच्या कामात त्यावर विसंबावे इतके ते पक्के झालेले नाही.

चौथा उपाय, सायक्लोस्पोरिनच बदलणे. त्याच्या जागी टॅक्रोलिमस देतात. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते १९८४ साली मिळाले. त्याने हिरड्या क्वचितच वाढतात आणि बदल केल्यावर काही महिन्यांत बहुतेकांची वाढ ओसरते. आज प्रत्यारोपणानंतर हेच औषध अधिक प्रमाणात दिले जात असल्यामुळे हिरडीवाढीचे रुग्णही पूर्वीहून कमी दिसतात. अर्थात त्यालाही आपले उपसर्ग आहेत. हात कापणे, मधुमेह जडणे हे त्यांतील प्रमुख होत. म्हणून हा बदल मूत्रपिंडतज्ज्ञानेच रक्त तपासून करावयाचा.

आणि येथे आनुवंशिकीने खरोखर पक्के असे काही हाती दिले आहे. टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकरांत सीवायपी-३ए५ नावाचे एक आहे. काहींच्यात ते चालू असते. काहींच्या दोन्ही प्रतींत लेखनाचा असा दोष असतो की विकर जवळजवळ तयारच होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत बहुसंख्यांचे ते बंद असते, आफ्रिकी वंशाच्या लोकांत बहुसंख्यांचे चालू असते आणि भारतीयांत दोन्ही प्रकार पुष्कळ आढळतात. ज्याचे विकर चालू असते तो औषध झपाट्याने मोडतो. त्याला नेहमीच्या दीडपट ते दुप्पट मात्रेने आरंभ करावा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तसे सांगितले आहे. हिरड्यांसाठी औषध बदलताना मात्रा अपुरी पडली तर मूत्रपिंड धोक्यात, अधिक झाली तरी मूत्रपिंडच धोक्यात. अशा वेळी रुग्णाचा हा वारसा आधी ठाऊक असणे किती मोलाचे, हे निराळे सांगावयास नको. तथापि तो ठाऊक असला तरी रक्तातील प्रमाण वारंवार तपासणे चुकत नाही. कारण आहारही यात हात घालतो. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस ही फळे या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. प्रसादाची म्हणून खाल्लेली पपनसाची फोडही अशा रुग्णाने टाळलेली बरी.

शेवटचा उपाय शस्त्राचा. वाढलेली हिरडी कापून किंवा लेसरने काढून टाकतात. वाढ फार असेल, खाणे-बोलणे अडत असेल तर तो करावाच लागतो. मात्र कारणीभूत औषध तसेच चालू राहिले आणि किटण साचू दिले, तर कित्येकांत वर्ष-दीड वर्षात वाढ पुन्हा डोके वर काढते.

आता जाता जाता दोन शब्द. आनुवंशिकीचे हे ज्ञान ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये की, आपल्या हिरड्यांचा निकाल जन्मतःच लागून गेला आहे. जनुक हे कल दाखवते. त्या कलाला खतपाणी मिळते ते किटणातून, औषधांच्या जोडीतून, वयातून आणि हयगयीतून. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा कस कळला म्हणजे तो हात जोडून बसत नाही, तर कोणते बी पेरावे हे ठरवतो. या ज्ञानाचाही उपयोग तेवढाच आणि तसाच आहे: कोणाला कोणते औषध, किती मात्रेने द्यावे हे वैद्याला अधिक नेमकेपणाने ठरवता यावे. त्याचबरोबर, रुग्णाच्या हिरड्या वाढल्या म्हणजे तो अस्वच्छच असला पाहिजे, हा लोकांचा आरोपही या ज्ञानाने खोटा ठरतो. पुष्कळ नीटनेटक्या माणसांच्याही हिरड्या वाढतात, कारण त्यांच्या वाट्याला तो वारसा आलेला असतो.

आपल्या घरात असा रुग्ण असेल तर त्याला एवढे सांगावे: हिरडी फुगू लागल्याचे दिसताच ती लपवू नको. दंतवैद्याकडे जा आणि त्याला तू घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव सांग. दंतवैद्याने सुचवलेले प्रत्येक औषध मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारल्यावाचून घेऊ नको. अझिथ्रोमायसिनदेखील दुकानातून आपल्या मनाने आणू नको, कारण काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो. आणि मूत्रपिंडासाठी दिलेली गोळी, कितीही कंटाळा आला तरी, डॉक्टरांनी बदलेपर्यंत एक दिवसही चुकवू नको.

शाळांतील शिक्षकांनाही माझी एक विनंती आहे. वर्गातील एखादा मुलगा वाचावयास उठताना तोंडावर हात धरीत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या घरी विचारावे. तो मूत्रपिंडाचा रुग्ण असेल किंवा फेफऱ्याचे औषध घेत असेल. त्याच्या हिरड्यांवर उपाय आहे, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना कोणीतरी सांगावयास हवे. आणि पुष्कळदा ते सांगणारे पहिले माणूस शाळेतच भेटते.